गॅस काही टिकेना

फ्रीजवाल्याने ट्रकचं बॉनेट वर केलं, गेजची निळी नळी व्हॉल्व्हला लावली आणि काट्याकडे बघितलं. काटा शून्यावर. नुसता शून्यावर नाही, आडवा पडून झोपलेला. मागच्या आठवड्यात स्वतःच्या हाताने भरलेला एसीचा गॅस, आणि गेला कुठे, तर हवेत.

"गेला?" वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"गेला."

"बरं," असं म्हणून त्या पुन्हा भांडी घासायला लागल्या.

हे 'बरं' ऐकून एखाद्याला वाटेल, बाई काय शांत आहेत! शांत कसल्या डोंबलाच्या. वैतागायला सुद्धा अंगात थोडी धुगधुगी लागते, ती संपली होती. फ्रीजवाल्याचंही तेच. आधीच्या खेपेला गॅस गेला तेव्हा त्याने पाना फेकून कुंडी फोडली होती. आज त्याने नळी काढली, फडक्याने पुसली, गुंडाळून पिशवीत ठेवली. त्याला काहीच वाटलं नाही. काही वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही.

माणूस धंद्याने फ्रीज दुरुस्त करणारा. म्हणून सगळी गल्ली त्याला फ्रीजवाला म्हणायची. लोकांच्या घरची दुधं, भाज्या, औषधं याच्या भरवशावर थंड राहायची. आणि सख्ख्या भावाच्या ट्रकचा एसी काही केल्या थंड राहीना. ओळखीपाळखीत कोणाला सांगायची सोय नव्हती, हसले असते.

ट्रक दादाचा. जुना, पुढे लांब नाक असलेला, हल्ली रस्त्यावर दिसत नाहीत तसला. त्यात एसी मुळात नव्हताच. एका मोडीत निघालेल्या बसचा एसी दादाने स्वतः खटपट करून त्यात बसवला होता. गंमत म्हणजे त्या काळात एसीवाला ट्रक चालवणं म्हणजे चैनीची कमाल. बाकीचे ड्रायव्हर येऊन केबिनमध्ये नुसते बसून जायचे. त्या कामात टॉर्च धरायला धाकटा भाऊ होता, आणि "अरे टॉर्च नीट धर, धांदल्या!" हे ऐकत ऐकतच तो या धंद्यात शिरला. धांदल्या हे नाव दादाने ठेवलं आणि दादानेच चालवलं. स्क्रू हरवला, धांदल्या. झाकण लावायचं राहिलं, धांदल्या. पुढे स्वतःचं दुकान झालं, केस पांढरे झाले, तरी दादाच्या दारात पाऊल टाकलं की "या धांदल्याशेठ!" 'बरं केलंस' हा शब्द मात्र दादाच्या तोंडून त्याने उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

आता दादा धांदल्याही म्हणत नव्हता. आधी त्याच्या डोक्यातून रस्ते गेले, मग माणसांची नावं गेली, मग माणसंच गेली. बायकोला तो 'बाई' म्हणायचा, भावाला 'मिस्त्री'. घरात तो थांबेना. सगळ्या खोल्यांमधून दार शोधत फिरायचा, ताट पुढे केलं की ढकलून द्यायचा, एकदा तर त्याने वहिनींच्या कपाळावर पाण्याचा तांब्या मारला होता. पण अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं की माणूस बदलायचा. स्टिअरिंगवर दोन्ही हात, नजर समोरच्या रस्त्यावर, आणि शेजारच्या सीटवर बसून वहिनी भरवतील तो घास मुकाट गिळायचा. गाडी चालू ठेवली तरी हलायची नाही, कारण इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा फ्रीजवाल्याने कधीच काढून ठेवला होता. दादाला त्याची खबर नव्हती. त्याच्या लेखी तो रोज कुठेतरी पोचत होता.

हे सगळं ठीक चाललं होतं, तोवर उन्हाळा आला. पत्र्याची केबिन, भट्टीच ती. पंखा लावला तर गरम वाराच फिरायचा. वर ताडपत्री टाकली तर दादा ती ओढून काढायचा, काचेतून रस्ता दिसलाच पाहिजे. एका दुपारी तो स्टिअरिंगवर डोकं टेकून पडला तो उठेचना. डॉक्टरांनी वाचवला, आणि बजावलं, "या उन्हात त्यांना पुन्हा गाडीत बसवाल तर मला बोलवू नका."

म्हणून एसी. म्हणून हा सगळा खटाटोप. एसी चालला तेव्हा दादा जेवला, झोपला, वहिनींनाही डोळा लागला. गॅस गेला की केबिन बंद, केबिन बंद की जेवण बंद.

आणि आता सोमवार यायचा होता. गावाबाहेर म्हाताऱ्या, विसरभोळ्या माणसांना ठेवून घेणारं एक केंद्र होतं. तिथे एक खाट रिकामी झाली होती. सोमवारी सकाळी त्यांची गाडी येणार होती.

"मला नकोय पाठवायला," वहिनी म्हणाल्या. हात पुसत त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या होत्या. "तिथे ट्रक नाही, भावोजी. तिथे ते एक घास खाणार नाहीत. नळ्या घालतील नाकातून. पण माझी कंबर गेलीय. इथे उपाशी ठेवून मी रोज त्यांच्याशी कुस्ती खेळू शकत नाही. तुमचा तो गॅस टिकला तर मी त्या गाडीला परत पाठवते. नाही टिकला तर जाऊ दे त्यांना."

भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्या हे बोलल्या. फ्रीजवाल्याने मान हलवली.

"टिकवतो," तो म्हणाला. हे आधीही म्हणाला होता.

शनिवारचा अख्खा दिवस त्याने गळती शोधण्यात घालवला. साबणाचा फेस करून एकेका जोडावर ब्रशने लावला. गळती असेल तिथे फेसाला बुडबुडे येतात. पाइप, जाळी, कॉम्प्रेसर, सगळीकडे फेस. ट्रकचं नाक दाढीला बसवल्यासारखं दिसायला लागलं, पण एक बुडबुडा येईल तर शपथ. मग व्हॅक्यूम पंप लावून पाइपांतली हवा ओढून काढली आणि काटा सोडून दिला तसाच. जेवून आला, काटा जागचा हलला नव्हता. म्हणजे पाइप धडधाकट. गळतीच नाही.

"मग जातो कुठे?" त्याने ट्रकलाच विचारलं.

सापडलं एवढंच, की थंड बाजूच्या पाइपावरचा जो छोटा व्हॉल्व्ह, ज्यातून गॅस भरायचा, त्याचं टोपण जागेवर नव्हतं. मागच्या खेपेलाही नव्हतं. त्याच्या आधीही नसावं. फ्रीजवाल्याने कपाळाला हात लावला. लावायचं विसरलो असणार! आयुष्यभर जे ऐकलं तेच खरं. धांदल्या तो धांदल्याच. मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हासडून त्याने पिशवीतलं नवं टोपण काढलं. टोपणाविना गॅस असा आठवड्यात संपत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण दुसरं कारण दिसत नसलं की माणूस स्वतःच्या डोक्यावर खापर फोडून मोकळा होतो.

त्याने गॅस भरला, टोपण लावलं, लावल्यावर पुन्हा बोटाने चाचपून बघितलं. एसी गार झाला, दादा जेवला. रात्री फ्रीजवाला तिथेच बाहेरच्या खोलीत पडला. म्हटलं, सकाळी उठल्याबरोबर काटा बघायचा.

सकाळी त्याला जाग आली ती ठणठण आवाजाने.

खिडकीतून बघितलं तर दादा अंगणात. बनियन, पायजमा, पट्ट्याची चप्पल, हातात काठी. काठीने तो एकेका टायरवर ठोका मारत होता आणि कान देऊन ऐकत होता. मग त्याने बॉनेट उचललं. ऑइलची पट्टी काढली, चिमटीत पुसली, परत घातली. पाण्याचं झाकण उघडून आत डोकावला. सगळं सावकाश, एकही हात वाया न घालवता. ज्याला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती तो माणूस! फ्रीजवाला बघतच राहिला.

मग दादा एसीच्या व्हॉल्व्हकडे वळला. टोपण फिरवून काढलं, खिशात टाकलं. किल्लीचं टोक व्हॉल्व्हमधल्या खिळीवर ठेवलं आणि दाबलं.

फुस्स.

दादाने मान तिरकी करून तो आवाज ऐकला. पुन्हा दाबलं. फुस्स. समाधानाने मान हलवली, बॉनेट पाडलं आणि केबिनकडे निघाला.

फ्रीजवाल्याला सगळं आठवलं. गेज घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा दादा असाच गॅस तपासायचा. दाबायचं, ऐकायचं. फुसकारा भरदार असला की गॅस आहे. लांबच्या फेरीला निघण्याआधी दर सकाळी. अडाणी पद्धत, दर वेळी थोडा गॅस वाया जायचा, पण तेव्हा निदान एकदाच दाबायचा. आता दाबल्याचं त्याच्या ध्यानात राहत नसणार, म्हणून पुन्हा, आणि पुन्हा. दादाच्या अंगठ्यावर पांढरा फोड होता. वहिनी म्हणायच्या चहाने पोळला असेल. चहाने कसला? गॅस इतका गार असतो की कातडी जाळतो. फ्रीजवाल्याच्या स्वतःच्या बोटांवर असे डाग होते, आणि तरी त्याला तो फोड कळला नव्हता.

दादाच्या कपड्यांचे खिसे त्याने तपासले. आधीची सगळी टोपणं त्यात होती. म्हणजे विसरला नव्हता तो. प्रत्येक वेळी नीट लावलं होतं. हे कळल्यावर तरी बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. टोपणं हातात घेऊन तो खाटेच्या कडेवर नुसता बसून राहिला.

वहिनींनी ऐकून घेतलं. "मग कुलूप लावा बॉनेटला," त्या म्हणाल्या. "साधी गोष्ट."

लावलं. आणि साधी गोष्ट किती साधी असते ते तासाभरात कळलं. दादा केबिनमधून उतरला, परत तपासायला आला, बॉनेट उघडेना. त्याने ओढलं, धपाधप बुक्के मारले, काठी घातली. "गाडी न बघता काढू? माणसं मारू रस्त्यावर?" असं ओरडत तो अंगणभर फिरला. फ्रीजवाल्याने हात धरून केबिनमध्ये बसवायला बघितलं तर त्याला अशी कोपरखळी बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दादा चढला नाही. न तपासलेल्या गाडीत तो चढणार नव्हता, मेला असता तरी. दुपारचं जेवण तसंच ताटात वाळलं.

वहिनींनी आत जाऊन दादाची पिशवी भरायला घेतली. दोन सदरे, टॉवेल, कंगवा. फ्रीजवाला दारात उभा राहून बघत होता.

"राहू दे ना," तो म्हणाला.

"उद्या गाडी दारात उभी राहील तेव्हा शोधाशोध नको," वहिनी म्हणाल्या. कंगव्यात अडकलेला केस त्यांनी काढला, खिडकीतून टाकला आणि कंगवा पिशवीत ठेवला.

तो बाहेर आला. कुलूप काढलं. ते बघून दादा लगेच आला, टोपण काढलं, फुस्स, फुस्स, आणि शहाण्यासारखा जाऊन केबिनमध्ये बसला. उरलासुरला गॅसही चालला होता. फ्रीजवाला त्या व्हॉल्व्हकडे बघत उभा. एवढासा पितळी तुकडा, सायकलच्या ट्यूबला असतो तसाच. तसाच काय, जुन्या एसीचा व्हॉल्व्ह आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह शेजारी ठेवले तर पटकन फरक कळायचा नाही.

तो तिथेच थांबला. मग त्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचे पाय भराभर उचलले.

दुकानात गॅसची एक रिकामी छोटी टाकी पडली होती. तिच्या तोंडाला त्याने ट्यूबचा व्हॉल्व्ह डाख देऊन बसवला. टाकी बॉनेटच्या आत, पट्टी मारून, नेमकी दादाचा हात जातो तिथे घट्ट केली. खरा व्हॉल्व्ह पाइपासकट मागे वळवला. मग पायपंप आणून टाकीत हवा भरली, टायरमध्ये भरतात तशीच. किल्ली लावून दाबून बघितली. फुस्स. आवाज थोडा कोरडा होता. दादाच्या कानाला तो फरक कळेल की काय, ही एक भीती होतीच.

आता खरा गॅस भरायचा होता, आणि त्याचा शेवटचाच डबा उरला होता. इंजिन चालू केलं, एसी पूर्ण, पंखा पूर्ण. दादा स्टिअरिंगला बसून याच्याकडे काचेतून बघत होता. फ्रीजवाल्याने डबा उभा धरला, चावी किंचित सोडली. डबा हाताला गार पडत गेला, त्यावर दव धरलं. कॉम्प्रेसर टक् करून लागला, सुटला, पुन्हा लागला. इथेच त्याची नेहमी गडबड व्हायची. चावी भसकन पूर्ण उघडायची, वर थोडा जास्तीचा गॅस मारायचा, होऊन जाऊ दे एकदाचं म्हणून. आज घाई करावी असं त्याला वाटलंच नाही. घाई करायला कसली तरी ओढ लागते. तो थोडा गॅस सोडायचा, थांबायचा, पाइपावर तळवा ठेवायचा. पुन्हा थोडा. काटा वर सरकला, नेमका हवा तिथे थांबला, आणि त्याने चावी बंद केली. डब्यात थोडा गॅस शिल्लक राहिला, तो राहू दिला. खऱ्या व्हॉल्व्हवर पितळी टोपण पान्याने आवळलं, पुन्हा एकदा आवळलं आणि वर काळी पट्टी गुंडाळली.

सोमवारी केंद्राची पांढरी गाडी फाटकाशी आली तेव्हा दादा अजून टायर ठोकत होता. गाडीतून एक परिचारिका उतरली. "आजोबा तयार आहेत ना?"

"जरा थांबा," वहिनी म्हणाल्या. भरलेली पिशवी त्यांच्या हातात होती.

बॉनेट वर गेलं. ऑइल. पाणी. दादाचा हात व्हॉल्व्हकडे गेला आणि अडला. नवी टाकी त्याने बघितली. तिच्यावरून बोट फिरवलं. फ्रीजवाला दाराच्या चौकटीला धरून उभा होता, वहिनी पिशवीच्या बंदाला.

दादाने टोपण काढलं, किल्ली लावली, दाबलं.

फुस्स.

मान तिरकी झाली. तशीच राहिली. पुन्हा दाबलं. फुस्स. मग दादाने टोपण परत लावलं, चक्क लावलं, खिशात टाकलं नाही, आणि केबिनमध्ये चढला. फ्रीजवाल्याने खालून हात घालून इंजिन चालू केलं. जाळीतून गार वारा आला, दादाच्या कपाळावरचे पांढरे केस हलले. वहिनी ताट घेऊन पलीकडून चढल्या. पहिला घास गेला, दुसरा गेला.

फाटकाशी परिचारिका घड्याळ बघत होती. वहिनींनी काच खाली केली. "माफ करा हं, तुम्हाला हेलपाटा पडला. ते जेवताहेत. ते कुठे येणार नाहीत."

गाडी गेली. फ्रीजवाला बॉनेट पाडायला पुढे झाला तेव्हा दादाने काचेवर टकटक केलं. तो खिडकीपाशी गेला.

"मिस्त्री," दादा म्हणाला, "गॅस भरताना बघत होतो मी तुम्हाला. हात चांगला आहे तुमचा. घाई नाही केलीत."

"हो," फ्रीजवाला म्हणाला.

"माझा एक धाकटा आहे. आम्ही धांदल्या म्हणतो. घाई फार करतो, पण हात त्याचा तुमच्याहून चांगला आहे. माझ्याहूनही चांगला." दादाने घास गिळला. "त्याला मी कधी सांगितलं नाही हो. डोक्यावर बसला असता. तुम्ही त्याला तुमच्या हाताखाली घ्या. घ्याल ना?"

फ्रीजवाला म्हणाला, "घेतो."

"आणि फार ओरडू नका त्याला. मी ओरडतो तेवढं पुरे."

"नाही ओरडणार."

दादाने मान हलवली, काच वर केली आणि समोर बघून गाडी चालवायला लागला.

फ्रीजवाला बॉनेटपाशी आला. टाकीतली हवा दोन फुसकाऱ्यांत उतरली होती, उद्यासाठी भरायला हवी होती. परवासाठीही, आणि त्याच्या पुढेही. रोज यायला लागणार होतं. त्याने पायपंप लावला आणि मारायला सुरुवात केली.

वहिनी रिकामं ताट घेऊन उतरल्या. "काय म्हणत होते इतका वेळ?"

"हाताखाली एक पोरगा ठेवून घ्या म्हणाला," फ्रीजवाला म्हणाला. "त्याचा धाकटा भाऊ."

एवढं बोलून झालं आणि त्याला रडू फुटलं. मोठ्याने, लहान पोरासारखं, हुंदके देत. वहिनी ताट हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. तो रडत होता आणि पंप मारत होता, आणि टाकी भरल्यावर त्याने टोपण लावलं आणि बोटाने एकदा चाचपून बघितलं.